चिकनला दोष देऊ नका, चमचा बघा

मागच्या वेळी चायनीज पद्धतीच्या परतलेल्या चिकनबद्दल मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की घरी केलं तर हे जेवण बऱ्यापैकी चांगलं आहे. तेवढ्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि एक-दोन जरा रागावून लिहिलेले होते त्यातला राग काढून प्रश्न तेवढा ठेवलाय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी ५०० ग्रॅम बोनलेस चिकन, २ ढोबळ्या मिरच्या, ब्रोकोली, गाजर, थोडी कांद्याची पात असं परतते. तेल ३ मोठे चमचे, सोया सॉस ३ चमचे, ऑयस्टर सॉस १, कॉर्नफ्लॉर २ आणि साखर २ छोटे चमचे. आम्ही चौघं खातो. माझं ॲप एका ताटाला ३७० कॅलरी दाखवतं आणि बहिणीने हीच रेसिपी तिच्या ॲपमध्ये टाकली तर ३१० येतात. कोण खोटं बोलतंय?

खोटं कोणीच बोलत नाहीये, तुम्ही बहुतेक यादीतून "शिजवलेलं चिकन" निवडलंय आणि बहिणीने "कच्चं". ही चूक इतकी कॉमन आहे की माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या फूड डायरीत सापडते. कच्च्या ब्रेस्टच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १२० कॅलरी आणि २२ ग्रॅम प्रोटीन असतं, शिजल्यावर त्याच १०० ग्रॅममध्ये १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रोटीन दिसतं. म्हणजे शिजवल्याने प्रोटीन वाढलं का, तर नाही, पाणी उडालं. ५०० ग्रॅम कच्चं चिकन शिजून पावणेचारशेच्या आसपास होतं. तुम्ही वजन कच्च्याचं केलं आणि आकडा शिजलेल्याचा घेतला, त्यात सव्वादोनशे कॅलरी फुकटच्या जमा झाल्या, त्या चौघांत वाटल्या की माणशी ५५-६०. तुमचा आणि बहिणीचा फरक एवढाच.

आता तुमच्या कढईचा हिशेब करूया, मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा आणि छोटा म्हणजे ५ मिलीचा असं धरून. चिकनचे ६००. तेलाचे ३६०, कारण एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी बसतात. सगळ्या भाज्या मिळून, त्या पाचशेक ग्रॅम असतील असं धरते, जेमतेम १६०. कॉर्नफ्लॉरचे ६०, साखरेचे ३०, आणि दोन्ही सॉसचे मिळून ३५. बेरीज साडेबाराशेच्या घरात जाते, म्हणजे ताटाला ३१० ते ३१५ कॅलरी, प्रोटीन ३१ ग्रॅम, फॅट १४, कार्ब्ज १६ आणि फायबर ३. साठ किलोच्या धडधाकट माणसाला दिवसाला कमीत कमी ४८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं असं धरलं तर त्याचा दोन तृतीयांश भाग या एका ताटात आला. हे वाईट जेवण नाहीये हो.

पण एक बघितलंत का, की अर्धा किलो भाज्यांच्या दुपटीहून जास्त कॅलरी त्या ३ चमचे तेलात आहेत? आणि ते ३ चमचे खरंच ३ असतील तर. मी स्वतः वर्षानुवर्षं बाटलीतून थेट कढईत तेल ओतायची आणि छातीठोकपणे सांगायची की दोन चमचे घालते, मग एकदा कुठून बुद्धी झाली आणि कढईच्या जागी काट्यावर वाटी ठेवून नेहमीच्या हाताने ओतलं तर ५५ ग्रॅम भरलं. जवळजवळ ५०० कॅलरी. त्या दिवसापासून तेलाच्या बाटलीशेजारी चमचा टांगलाय. तुम्हालाही ॲप बदलण्यापेक्षा तो चमचा जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : ताई, मी जिमला जातो. ट्रेनर सांगतो फक्त ब्रेस्ट खा, थायला हात लावू नकोस, आणि चिकनला कॉर्नफ्लॉर लावायचं नाही कारण तो स्टार्च आहे. पण कॉर्नफ्लॉरशिवाय माझं चिकन चपलेसारखं होतं.

अरे, ट्रेनरला माझा नमस्कार सांग आणि कॉर्नफ्लॉर लाव. एका मोठ्या चमच्यात ३० कॅलरी आणि ७ ग्रॅम कार्ब्ज असतात, ते चौघांत वाटले तर तुझ्या वाट्याला किती आले सांग. त्या बदल्यात तो जे काम करतो ते मोठं आहे. चिनी स्वयंपाकात मांसाच्या पातळ कापांना कॉर्नफ्लॉर, अंड्याचं पांढरं आणि थोडी राइस वाइन चोळून ठेवतात, त्याचा एक पातळ लेप बसतो आणि मोठ्या आचेवर मांसाचं पाणी आतच राहतं, म्हणून ते रेशमासारखं मऊ लागतं. वाइन नसली तर नुसतं पांढरं आणि कॉर्नफ्लॉर पण चालतं.

हॉटेलात याच्या पुढची पायरी असते, ते लेप लावलेले तुकडे आधी बऱ्याच कोमट-गरम तेलातून काढून घेतात आणि मग परततात. चव मस्त येते पण तेल वाढतं. घरी तेच काम उकळत्या पाण्यात छोटा चमचाभर तेल टाकून होतं, तुकडे अर्धा-पाऊण मिनिट त्यात सोडायचे, पांढरे झाले की झाऱ्याने काढायचे, निथळायचे आणि मग कढईत टाकून पूर्ण शिजवायचे. करून बघ, चप्पल परत होणार नाही.

थायचं म्हणशील तर कातडी काढलेल्या कच्च्या थायमध्ये १०० ग्रॅमला कॅलरी जवळपास ब्रेस्टएवढ्याच, १२० च्या आसपास, प्रोटीन २२ ऐवजी साधारण १९-२० आणि फॅट अडीचऐवजी ४ ग्रॅम. एवढ्या फरकासाठी कोरडं चिकन चावत बसायचं? शिवाय लोह आणि झिंक थायमध्ये जास्त असतं. कातडीसकट घेतलंस तर मात्र गणित पार बदलतं, फॅट चौपट होतं, तिथे तुझा ट्रेनर बरोबर आहे.

प्रश्न : सासूबाई म्हणतात चायनीज म्हणजे अजिनोमोटो आणि अजिनोमोटो म्हणजे विष. मी घरी घालत नाही तरी त्या खात नाहीत. त्यांना काय सांगू?

सासूबाईंना काही सांगायला मी घाबरते, पण तुम्हाला सांगते, पुढचं तुम्ही बघा.

१९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू या समुद्री शेवाळाच्या सूपमधली ती खास चव कशाने येते ते शोधून काढलं, ते होतं ग्लुटामेट. त्याचं सोडियमबरोबरचं मीठ म्हणजे एमएसजी, आणि अजिनोमोटो हे ते विकणाऱ्या कंपनीचं नाव, जे आपण पदार्थालाच चिकटवून टाकलं. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, मुरलेल्या चीजमध्ये असतं, मशरूममध्ये असतं, आईच्या दुधात सुद्धा असतं, आणि शरीराला ते टोमॅटोतून आलं की पाकिटातून याचा फरक कळत नाही. म्हणजे तुम्ही पाकीट फोडत नसलात तरी सोया सॉस घातलात की ग्लुटामेट आलंच कढईत, सोयाबीन आंबवताना ते आपोआप तयार होतं.

मग हे विषाचं प्रकरण आलं कुठून? १९६८ मध्ये रॉबर्ट हो मॅन क्वॉक या डॉक्टरांचं एक पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं, की अमेरिकेत चायनीज हॉटेलात जेवल्यावर मला मानेमागे बधिरपणा, अशक्तपणा आणि धडधड जाणवते. कारण काय असेल याचे त्यांनी अंदाज केले होते, सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, मीठ आणि एमएसजी सुद्धा, पण लोकांच्या डोक्यात राहिलं फक्त एमएसजी आणि आजाराला नाव मिळालं ते सुद्धा चायनीज हॉटेलचं. पुढे जेव्हा खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत नाही कशात एमएसजी आहे अशा पद्धतीने तपासलं, तेव्हा नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाला ही लक्षणं सातत्याने दिसली नाहीत. जेवणाशिवाय एकदम ३ ग्रॅम किंवा जास्त दिल्यावर काही जणांना थोडा वेळ डोकेदुखी वगैरे झाली, पण एका वाढणीत सहसा अर्धा ग्रॅमही नसतं. तुम्हाला स्वतःला खाऊन त्रास होत असेल तर खाऊ नका, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

आणि एक गंमत म्हणजे एमएसजीत सोडियम १२ टक्के असतं, साध्या मिठात ३९ टक्के, म्हणजे मीठ कमी करून चिमूटभर एमएसजी घातलं तर सोडियम कमीच होतं. हे वाक्य सासूबाईंसमोर म्हणायची हिंमत तुमची तुम्ही करा.

प्रश्न : वडिलांना बीपी आहे. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय म्हणून आम्ही या चिकनमध्ये मीठ अजिबात घालत नाही, फक्त सोया सॉस, तो पण लाइट. चालेल ना?

थांबा थांबा. इतक्या पत्रांत हा एकच प्रश्न असा आहे ज्याची मला खरी काळजी वाटली.

सोया सॉसच्या बाटलीवरचं "लाइट" म्हणजे मीठ हलकं असा अर्थ नाहीये. लाइट म्हणजे रंगाने फिका आणि पातळ, आणि चवीला तर तो चांगलाच खारट असतो, चिनी स्वयंपाकात मिठाचं काम तोच करतो. डार्क सोया घट्ट आणि काळपट असतो, मुख्यतः रंगासाठी, त्यातही सोडियम भरपूर. तुम्हाला जे हवंय त्या बाटलीवर "कमी सोडियम" असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि त्यातही साधारण ४० टक्केच कमी असतं, शून्य नाही.

आकडा बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे मिठाच्या भाषेत ५ ग्रॅमपेक्षा कमी, सपाट छोटा चमचाही पूर्ण भरत नाही. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० च्या आसपास सोडियम असतं. पहिल्या प्रश्नातल्या ताईंची कढई घेतली, ३ चमचे सोया आणि १ ऑयस्टर, तर चौघांत वाटून सुद्धा माणशी ८५०-९०० मिलिग्रॅम होतं, वरून चिमूटभर मीठ न घालता. म्हणजे एका पदार्थात दिवसाचं जवळजवळ अर्धं. आणि बाबांनी दोनदा वाढून घेतलं तर? बहुतेक घेत असतीलच, चांगलं झालेलं असतं ना.

मी काय करते सांगते. सोया ३ चमच्यांऐवजी दीड, तो पण कमी सोडियमवाला, आणि ऑयस्टर सॉस नाही, एवढ्याने माणशी आकडा ३०० च्या आत येतो. सॉस सुरुवातीला न टाकता गॅस बंद करायच्या आधी टाकते, तुकड्यांच्या बाहेर राहतो त्यामुळे थोडा असला तरी जिभेला लगेच कळतो. मग आलं-लसूण नेहमीच्या दुप्पट, पांढरी मिरपूड, शेवटी छोटा चमचाभर व्हिनेगर आणि तीळाच्या भाजक्या तेलाचे चार-पाच थेंब. आंबट आणि तिखट असलं की मीठ कमी पडलंय हे पहिल्या घासाला जाणवतं, चौथ्या घासाला विसरायला होतं. ताटात उरलेला रस मात्र भातावर ओतू नका, सगळं मीठ त्या रसात असतं.

आणि बाजारात पोटॅशियमवालं "लो सोडियम" मीठ मिळतं ते वडिलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढून भलतंच होऊ शकतं.

प्रश्न : एवढ्या मोठ्या आचेवर भाज्यांचं सत्त्व निघून जात नाही का? त्यापेक्षा उकडलेल्या बऱ्या ना?

उलट आहे. क आणि ब जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, तुम्ही भाजी भरपूर पाण्यात उकडता आणि पाणी ओतून देता तेव्हा ती मोरीत जातात. परतताना पाणीच नसतं आणि वेळ तीन-चार मिनिटं, त्यामुळे बरंच टिकतं. लाल ढोबळीत १०० ग्रॅमला १२५ मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व आहे, ब्रोकोलीत ९० च्या जवळपास, थोडं उष्णतेने गेलं असं धरलं तरी एका ताटात दिवसाची गरज बहुतेक भागते. गाजरातलं कॅरोटीन तर तेलाबरोबरच नीट शोषलं जातं, म्हणून अगदी बिनतेलाचं करायच्या मागे पण लागू नका, २ चमचे चौघांना पुरतात.

पुरत नाहीत असं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा कढईतली गर्दी असते. सगळं चिकन आणि सगळ्या भाज्या एकदम टाकल्या की कढई गार पडते, पाणी सुटतं, चिकन परतायच्या ऐवजी वाफेवर शिजायला लागतं, मग ते चिकटतं आणि आपण वरून तेल ओततो. दोन हप्त्यांत करा, आधी चिकन काढून घ्या, मग भाज्या, मग दोन्ही एकत्र. पाच मिनिटं जास्त जातात, तेल निम्म्यावर येतं. एक भांडं जास्त घासावं लागतं हे मान्य.

प्रश्न : मुलांना फक्त तळलेलं, गोड-आंबट सॉसमधलं चिकनच आवडतं. त्यातही चिकन आणि ढोबळी मिरचीच असते, मग फरक काय?

फरक पिठाच्या जाड आवरणाचा आहे. बुडवून तळलं की ते आवरण तेल पिऊन बसतं, आणि त्यावर साखर-केचपचा सॉस, त्यामुळे तेवढ्याच चिकनच्या कॅलरी सहज दीडपट-दुपटीकडे जातात आणि भाजी नावाला चार तुकडे. कधीतरी द्या, त्याने काही होत नाही. रोजसाठी तेच तुकडे नुसत्या कोरड्या कॉर्नफ्लॉरमध्ये घोळवून २ चमचे तेलावर पसरून कुरकुरीत करा, सॉसमध्ये अननसाचे तुकडे घाला म्हणजे साखर निम्मी पुरते. माझ्या घरी ही फसवणूक अजून पकडली गेलेली नाही.

प्रश्न : शेंगदाणे घालावेत की काजू? आणि ग्लुटेन (गव्हातलं एक प्रोटीन) चालत नसेल तर काय?

सिचुआनच्या कुंग पाओ चिकनमध्ये शेंगदाणेच असतात. हे नाव तिथले गव्हर्नर दिंग बाओझेन यांच्या पदवीवरून पडलंय असं सांगतात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात १७० कॅलरी आणि साडेसात ग्रॅम प्रोटीन, काजूत कॅलरी साधारण तेवढ्याच पण प्रोटीन ५ ग्रॅमच्या आसपास. एक मूठ अख्ख्या कढईला, प्रत्येकाच्या ताटात एक मूठ नाही.

ग्लुटेनचं म्हणाल तर साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. ग्लुटेन-फ्री लिहिलेला तामारी, म्हणजे जपानी पद्धतीचा सोया सॉस, घ्या आणि ऑयस्टर सॉसची बाटली पण वाचा. त्यात शिंपल्यांचा अर्क असतो, तेव्हा शिंपल्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो घ्यायचाच नाही.

प्रश्न : उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यात नेलं तर पोषण कमी होतं का?

क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, प्रोटीन कुठे जात नाही. पोषणापेक्षा ते ओट्यावर किती वेळ राहिलं याची चिंता करा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, बरोबरचा भात तर आधी, कारण भातातले काही जंतू शिजूनही जिवंत राहतात आणि भात तसाच बाहेर राहिला तर जे विष तयार करतात ते परत गरम करून जात नाही. डब्यात भरायच्या आधी वाफ येईपर्यंत कडक गरम करा आणि लगेच थर्मासच्या डब्यात भरा, नाहीतर गारच न्या आणि तिथे गरम करा. अर्धवट कोमट डबा चार तास बॅगेत, हे नको.

एका वाचकाने एक वाटी भाताच्या कॅलरी विचारल्यात, त्या शिजलेल्या १५०-१६० ग्रॅम भाताला साधारण २०० असतात. मात्र तुमची वाटी केवढी आहे ते एकदा काट्यावर ठेवून बघा.